पुलीवरची खडूची रेघ

"रेघ हलली!" ट्रूडी इतक्या जोरात ओरडली की ग्रेडीच्या हातातली गोड सारणाची, पावासारखी कोलाची थेट त्याच्या बुटावर पडली.

"शेवटची होती ती!" ग्रेडी कळवळून म्हणाला. "खसखशीची!"

"खड्ड्यात गेली खसखस! इकडे बघ आधी!"

ग्रेडी बघायला आला खरा, पण नाराजीनेच. तो ओमाहा शहरातला. सुट्टी लागली की मामाच्या गावी, क्लोव्हर फोर्कला, यायचा आणि महिनाभर फक्त दोन कामं करायचा: खाणं आणि 'आमच्या ओमाहात कसं सगळं मोठं असतं' ते सांगणं. ट्रूडी त्याची मामेबहीण, वय वर्षं बारा. तिच्या नखांत बाराही महिने ग्रीस असायचं. तिसरी होती नऊ वर्षांची मिज. अग्निशमन दलाच्या चीफची ती मुलगी आणि गावातली सगळ्यात आगाऊ कार्टी. याबाबतीत तिच्या वडिलांचंही दुमत नव्हतं.

तिघं उभी होती ती जागा म्हणजे ट्रूडी-ग्रेडीच्या आजोबांचं, एमिल व्होडिकांचं गॅरेज. मधोमध गावाचा जुना, लाल, आगीचा बंब उभा होता. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत दरवर्षी सगळ्यात पुढे तोच असायचा. यंदा आजोबांनी त्याचं इंजिन पूर्ण उघडून नवं केलं होतं. बुधवारी सकाळी काम संपलं, तेव्हा त्यांनी पुढच्या पुलीवर पांढऱ्या खडूने एक रेघ मारली. पुलीवर अर्धी आणि शेजारच्या झाकणावर अर्धी, अगदी सरळ जुळणारी. हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. रेघ मारली याचा अर्थ, आता शनिवारी सगळ्या गावासमोर चालू करेपर्यंत या इंजिनाला कोणी बोटही लावायचं नाही.

आज गुरुवार होता आणि पुलीवरची अर्धी रेघ पार खाली जाऊन बसली होती.

"त्यात काय एवढं? थोडंसं फिरलं असेल," ग्रेडी म्हणाला.

"इंजिन आपोआप फिरत नाही, शहाण्या! कोणीतरी फिरवलंय!"

"भूत!" मिज आनंदाने म्हणाली.

ट्रूडीला मात्र हसू आलं नाही. त्याला कारणही तसंच होतं.

या इंजिनात नवा कॅमशाफ्ट होता. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की हे उंचवटे वरच्या छोट्या खुंट्यांना ढकलतात आणि इंजिनाच्या झडपा उघडतात. उंचवटे नवे, खुंट्याही नव्या. त्यांची एकमेकांशी ओळख व्हायची असते, आणि ती व्हायला फक्त पहिली वीस मिनिटं मिळतात. तोवर त्यांना सांभाळते ती दांडा आत बसवण्याआधी आजोबांनी बोटाने लावलेली काळी, चिकट पेस्ट, आणि इंजिन चालू न करता नुसतंच फिरवत राहिलं तर ती पुसली जाते. इंजिन एका दमात चालू व्हायला हवं आणि लगेच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर न्यायला हवं, तरच खालून उडणारं तेल वरपर्यंत पोचतं. वीस मिनिटं त्याला ना थांबवायचं, ना हळू करायचं. एवढं चुकलं की उंचवटे झिजून सपाट होतात आणि महिनाभराचं काम भंगारात जातं.

या वर्षी तसं दोनदा झालं होतं. एप्रिलमध्ये एका धान्याच्या ट्रकचं इंजिन गेलं, मेमध्ये एका पिकअपचं. दोन्ही इंजिनं चार दिवस नीट चालली आणि मग आतून टकटक करायला लागली. तेल काढलं तर त्यात लोखंडाचा चमचमता भुगा! तेव्हापासून मिलीच्या कॅफेत आजोबा शिरले की लोक एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागत. त्याआधी ते काय बोलत असत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एमिलचे हात आता थरथरतात. एमिल म्हातारा झाला.

आजोबांनी ट्रूडीला एकदाच, शांतपणे सांगितलं होतं. "हे तिसरं. हे गेलं तर मी गॅरेजची किल्ली तुझ्या बाबाकडे देणार आणि लिंकनला तुझ्या आत्याकडे राहायला जाणार. तिच्याकडे लिफ्ट आहे म्हणे."

लिफ्ट! आजोबांना लिफ्ट काय करायची होती? ट्रूडी त्या दिवशी मक्याच्या शेतात जाऊन एकटीच रडून आली होती.

तिने धावत जाऊन आजोबांना रेघ दाखवली. त्यांनी टोपी मागे सारली, वाकून पुली पाहिली आणि ते हळूच म्हणाले, "मीच फिरवलं असेल, पोरी. झडपांचं अंतर बघताना. लक्षात नाही राहिलं."

"आजोबा, तुम्ही नाही विसरत!"

"विसरतो गं." त्यांनी पाना घालून पुली हाताने सावकाश जागेवर आणली आणि नवी रेघ मारली. खडू धरलेला हात थरथरत होता, म्हणून त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. ट्रूडीने पटकन दुसरीकडे पाहिलं.

"हे भुताचं काम नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "आणि आजोबांचंही नाही. उद्या आपण पाळत ठेवायची!"

"कधी? दिवसभर तर ते स्वतःच इथे असतात."

"दिवसभर नसतात!" मिजने उडीच मारली. "बाराच्या भोंग्याला जेवायला जातात!"

बाराचा भोंगा म्हणजे समोरच्याच अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा. रोज भर दुपारी तो मिनिटभर असा केकाटायचा, की गावातली झाडून सगळी कुत्री त्याला साथ द्यायची.

शुक्रवारी पावणेबाराला तिघं जुन्या टायरांच्या ढिगामागे दाटीवाटीने बसली. ग्रेडीने सोबत दोन सँडविच आणली होती आणि ती दोन्ही त्याच्या स्वतःसाठी होती.

"आवाज करू नकोस!"

"मी चावतोय फक्त!"

"मग चावण्याचा आवाज करू नकोस!"

बारा वाजले. आजोबा टोपी घालून कॅफेकडे गेले. भोंगा सुरू झाला आणि मागचं दार उघडलं. आत आले डेलबर्टकाका!

ट्रूडी चाटच पडली. डेलबर्टकाका म्हणजे आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, मागच्या हिवाळ्यात निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज आजोबांच्या मदतीला येत होते. इंजिन चालू होऊ नये म्हणून त्यांनी अंगठ्याने कॉइलची तार उपसली, स्टार्टरचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. भोंग्याच्या गोंगाटात काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. पुली तेवढी गरागरा फिरताना दिसत होती आणि पांढरी रेघ तिच्याबरोबर.

भोंगा थांबला. काकांनी बटण सोडलं, तार परत लावली, आणि वळून बघतात तर समोर तीन पोरं!

"काका! हे काय करताय?" ट्रूडीचा आवाज चिरकला.

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी टायरवर बसकण मारली. "ओरडू नको गं. तेल वर चढवतोय. नव्या इंजिनाला आधी चालू न करता नुसतं फिरवून घ्यायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. ट्रॅक्टरला आम्ही जन्मभर असंच केलं. एमिल हल्ली विसरतो. त्याचे हात पाहिलेस ना? म्हणून मी मागून गुपचूप हात लावतो, एवढंच."

"किती वेळा केलंत?"

"बुधवारी, काल आणि आज."

"आणि आधीच्या दोन इंजिनांना?"

"त्यांनाही. तरी बिचारी गेलीच." काकांनी तिचा हात धरला. डोळे ओले झाले होते त्यांचे. "एमिलला सांगू नको हं. माझा त्याच्या हातांवर भरवसा नाही असं वाटेल त्याला. जीव तुटेल त्याचा."

काका गेल्यावर ट्रूडीने तेल मोजायची पट्टी उपसली. बुधवारी तेल मधासारखं स्वच्छ होतं. आज त्यात काळे धागे तरंगत होते.

"पेस्ट," ती पुटपुटली. "पुसली जाऊन सगळी खाली आलीय. वर उंचवटे उघडे पडलेत, ग्रेडी! उद्या दहाला हे इंजिन चालू होणार आणि मरणार!"

ग्रेडीने चक्क सँडविच खाली ठेवलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

तिघं आधी ट्रूडीच्या बाबांकडे पळाली. बाबा गव्हाच्या कापणीत, मळणीयंत्रावर उंच बसलेले. "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!" ते वरूनच ओरडले. मग चीफ. चीफ आरशासमोर भाषणाची तालीम करत होते. "उद्या दहाला! वर्तमानपत्राचा माणूस येतोय! आकाश कोसळलं तरी दहाला!" मिजने काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी तिला टोपीला ब्रश मारायला बसवलं.

उरले आजोबा. संध्याकाळी ट्रूडी त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसली. ती काही म्हणणार, तोच तेच म्हणाले, "रेघ पुन्हा हलली होती. तुला सांगितलं नाही. आता मला स्वतःचीच खात्री नाही वाटत."

"आजोबा, डेलबर्टकाका..."

"डेलबर्ट नसता तर हे काम मी घेतलंच नसतं. माझ्यावर भरवसा असलेला तो एकटाच उरलाय आता." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

ट्रूडी पुढचं काही न सांगताच उठली. सांगावं तर मित्र जातो, न सांगावं तर इंजिन जातं. इंजिन गेलं की आजोबा गेले लिंकनला, लिफ्टवाल्या घरात. कुठूनही विचार करा, शेवट तोच! इतकी असहाय ती कधीच झाली नव्हती.

शनिवारी साडेनऊलाच निम्मं गाव गॅरेजसमोर जमलं. मागच्या बोळात बायकांनी कोलाचींचं टेबल मांडलं होतं. आजोबा धुतलेले कपडे घालून, भांग पाडून बाहेर उभे होते. शेजारी डेलबर्टकाका.

आत बंबापाशी ग्रेडीने मुठीतली एक वस्तू दाखवली. "डिस्ट्रिब्युटरचा रोटर! काढून घेतला! याच्याशिवाय ठिणगी पडत नाही, आता चालूच होणार नाही! ओमाहात आम्ही..."

"गाढवा!" ट्रूडीच्या तोंडचं पाणी पळालं. "चालू झालं नाही की ते थांबतील का? स्टार्टर मारतच बसतील! उरलीसुरली पेस्टही जाईल! लाव आधी तो जागेवर!"

"मग काय करायचं?"

"स्टार्टरच फिरता कामा नये." ट्रूडीची नजर ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीवर गेली. "बॅटरी!"

ग्रेडीने रोटर परत बसवला. बॅटरी सोडवायला ट्रूडीला दोन मिनिटं लागली आणि उचलायला तिघांचा जीव लागला. मिजने आपली लाल खेळगाडी आणली. बॅटरीवर टेबलक्लॉथ आणि त्यावर कोलाचींचं भलंमोठं ताट ठेवून वरात मागच्या दाराने निघाली. दहा पावलं गेली नाहीत तोच समोर चीफ!

"मिज! काय नेतेयस?"

"कोलाची, बाबा!"

"गाडी इतकी करकरतेय का?"

"खूप आहेत ना, म्हणून!"

चीफनी वाकून एक उचलली, मग दुसरी, आणि तिसरी, आलुबुखाराची, शोधायला ताट बाजूला सरकवू लागले. टेबलक्लॉथचा कोपरा घसरला. ट्रूडीने डोळे मिटून घेतले.

"आलुबुखाराची माझ्या हातातच आहे, ही घ्या!" ग्रेडी ओरडला आणि स्वतःच्या तोंडापाशी नेलेली कोलाची त्याने चीफना देऊन टाकली. त्या सुट्टीतला तो सगळ्यात मोठा त्याग होता.

बरोबर दहा वाजता गॅरेजचे दरवाजे उघडले. टाळ्या झाल्या. आजोबा चढून बसले आणि त्यांनी स्टार्टरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग खाली उतरून त्यांनी पेटी उघडली.

"बॅटरी नाहीये," ते म्हणाले.

गर्दीत खसखस पिकली. "बॅटरी लावायलाच विसरला!" कोणीतरी म्हणालं. आजोबांचा चेहरा असा झाला, की ट्रूडीला तिथे क्षणभरही गप्प राहवेना.

"ते विसरले नाहीत! बॅटरी मी चोरली!" ती पुढे येऊन ओरडली. "हे इंजिन आत्ता चालू केलं तर मरेल! त्याची पेस्ट पुसली गेलीय! रेघ तुम्ही नव्हती हलवली आजोबा! तुम्ही काहीच विसरला नव्हतात!"

"मग कोणी हलवली?" चीफ गरजले.

ट्रूडीने काकांकडे पाहिलंही नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंडातून नाव निघेना. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

"मी," डेलबर्टकाका म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. तिन्ही दुपारचं. आधीच्या दोन्ही इंजिनांचंही.

आजोबा बंबाच्या पायरीवर बसले.  मग ते म्हणाले, "ट्रॅक्टरमध्ये तू जुनाच कॅम परत बसवायचास, डेलबर्ट. त्याला चालतं. नव्याला नाही चालत. आणि तेल मी बुधवारीच ड्रिलने पंप फिरवून चढवलं होतं. अरे, नुसतं विचारलं असतंस तर!"

"विचारलं असतं तर तुला वाटलं असतं की..."

"वाटलं असतं," आजोबा म्हणाले. "पण तीन महिने मला जे वाटत होतं, ते त्याहून वाईट होतं." त्यांनी दोन्ही हात सगळ्या गावासमोर पुढे धरले. "बघा. थरथरतात. डोकं नाही थरथरत अजून."

कोणी हसलं नाही.

"म्हणजे आता समारंभ..." चीफनी घड्याळ पाहिलं.

"दुपारी," आजोबा उठत म्हणाले. "ट्रूडी, पाना आण!"

इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं, तेल बदललं, बारा खुंट्या उपसून ओळीने ठेवल्या. खाली, प्रत्येक भोकाच्या तळाशी, एकेक उंचवटा होता. भोक जेमतेम बोटाएवढं. आजोबांचं जाड बोट आत शिरेना, डेलबर्टकाकांचं तर नाहीच.

"इकडे दे तुझं बोट," आजोबा ट्रूडीला म्हणाले.

तिने काळी पेस्ट घेतली आणि एकेका भोकात बोट घालून, आजोबा सांगतील तसं, बाराही उंचवट्यांना लावली. आजोबा पाना घालून पुली हाताने केसभर फिरवायचे, ती लावायची. मग शेवटी रेघ. खेळगाडीतून बॅटरी मानाने परत आली.

अडीचला आजोबांनी बटण दाबलं. इंजिन एका फटक्यात गरजून उठलं! त्यांनी थ्रॉटलची मूठ ओढली, काटा दोन हजारांवर नेला, आणि वीस मिनिटं सुरू झाली.

त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काहीच नसतं, हेच तर अवघड असतं. ताजा रंग तापून धूर निघत होता, पत्रे थरथरत होते, कानठळ्या बसत होत्या. आत उंचवटे टिकतायत की झिजतायत, ते कोणालाही दिसत नव्हतं. ट्रूडी घड्याळाकडे बघत होती आणि काटा मुळी हलतच नव्हता.

सातव्या मिनिटाला चीफ पायरीवर चढले. "जरा हळू करा हो! भाषण ऐकू येत नाही कोणाला!" आणि त्यांनी हात थेट थ्रॉटलच्या मुठीकडे नेला. आजोबा पलीकडे रेडिएटरपाशी होते!

"नको!" ट्रूडी किंचाळली. पण कोणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात बंबाच्या पुढच्या मडगार्डवर बसलेल्या मिजने हाताने फिरवायच्या भोंग्याचा दांडा धरला आणि जीव खाऊन फिरवला. असा कर्कश्श आवाज निघाला की चीफ दचकून पायरीवरून खालीच उतरले.

"मिज! बंद कर ते!"

"मिरवणुकीचा सराव करतेय, बाबा!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या, पोरं नाचायला लागली. चीफनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मिज हाताला रग लागल्यावरच थांबली.

आणि तेराव्या मिनिटाला, भोंगा थांबल्या थांबल्या, तो आवाज आला. टक. टक. टक टक टक.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. एप्रिलमध्ये असाच, मेमध्येही असाच. थांबवावं तर इंजिन जाणार, चालू ठेवावं तरी जाणारच. ते नुसते उभे राहिले. ट्रूडीने त्यांचा हात घट्ट धरला. तिलाही दुसरं काही करता येत नव्हतं.

डेलबर्टकाका मात्र हलले. डोकं तिरकं करून, कान लावत ते बंबाभोवती फिरले. इंजिनापाशी थांबले, मान हलवली, पुढे गेले. मग त्यांनी हात उंच केला आणि बंबाच्या पुढे टांगलेल्या पितळी घंटेचा लोलक मुठीत धरला.

टकटक बंद झाली!

"घंटा!" ग्रेडी ओरडला. "नुसती घंटा वाजत होती!"

लोलक सोडला की टकटक, धरला की गप्प. उरलेली सात मिनिटं डेलबर्टकाका हात वर करून, तो लोलक धरून उभे राहिले. हात बदलायची सोय नव्हती आणि त्यांनी बदलला नाही.

वीस मिनिटं झाली. आजोबांनी हळूहळू मूठ आत ढकलली. गरगर कमी होत गेली आणि बंब मांजरासारखा गुरगुरू लागला. मग इंजिन बंद करून त्यांनी वरचं झाकण काढलं, पुली हाताने फिरवत बाराही झडपा मोजल्या. सगळ्या सारख्याच उघडत होत्या, एक केसभरही कमी नाही.

"जगलं," आजोबा म्हणाले.

मग जो गलका झाला तो विचारू नका. ट्रूडीचे बाबा मळणीयंत्र सोडून आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "मी ऐकायला हवं होतं." मोठ्या माणसांना हे वाक्य किती जड जातं! चीफनी शेवटी खिशातला कागद न काढताच भाषण केलं आणि ते फारच छोटं झालं: "या तीन पोरांना चार जुलैला बंबावर बसवणार. भोंगा मात्र मी फिरवणार." वर्तमानपत्राच्या माणसाने फोटो काढला. त्यात ग्रेडीच्या दोन्ही गालांत कोलाची आहे.

डेलबर्टकाका एका बाजूला, दुखरा खांदा चोळत, जायच्या तयारीत उभे होते.

"कुठे निघालास?" आजोबांनी विचारलं. "सोमवारी बाराच्या भोंग्याला माझ्याबरोबर कॅफेत यायचं. रोज. जेवताना जे विचारायचं ते तोंडावर विचारायचं."

"येईन," काका म्हणाले. 

मग आजोबांनी खिशातून तो खडू काढला. झिजून बोटाच्या पेराएवढा झाला होता. त्यांनी तो ट्रूडीच्या काळ्याकुट्ट तळहातावर ठेवला.

"पुढच्या इंजिनावर रेघ तू मारायचीस," ते म्हणाले. "माझी वाकडी येते हल्ली."

"पुढचं इंजिन?" ट्रूडीने विचारलं. "म्हणजे लिंकन नाही?"

"लिफ्टमध्ये इंजिन मावत नाही, पोरी," आजोबा म्हणाले, आणि झाकणाचे बोल्ट आवळायला त्यांनी तिच्यापुढे पाना धरला.